अण्णांचे दात एका वर्षात कसे काय गेले?

कृष्णाकाठची | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, वय ७६. निवृत्त प्राथमिक शिक्षक. सांगली जिल्ह्यात गावी आई आणि ते दोघंच राहतात. अण्णांचे दात हा आमच्या घरातला कौतुकाचा विषय. सत्तरी उलटली तरी ऊस दातांनी सोलायचे आणि नातवंडांना ओळीत बसवून करवे तोडून द्यायचे.

गेल्या दिवाळीपासून सगळं बिनसलं. आधी खालची एक दाढ हिरडीशी मोडली. दुखली नाही, ठणकली नाही, भाकरी चावता चावता तुकडा हातात आला. मग पुढचे दोन दात हिरडीलगत तपकिरी दिसायला लागले. आता एकूण पाच दात मुळाशी किडलेत. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं तोंडात बॅटरी मारली, "वय झालंय, सगळे काढू आणि इम्प्लांट बसवू" म्हणाले आणि साडेचार लाखांचा कागद हातात ठेवला.

अण्णा म्हणतात, मला आता किती वर्षं चावायचंय, मऊ भात खाईन. आई म्हणते कवळी करा आणि मोकळे व्हा. मला काहीच सुचत नाहीये. रोज दोनदा दात घासतात, तंबाखू नाही, सुपारी नाही, मधुमेह नाही. बीपी आहे, पण गोळीवर व्यवस्थित. मग एका वर्षात हे असं? वय झालं की होतंच का?

नाना_उवाच | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वय ८१. स्वतःचे दात १९. विसावा परवा चिक्कीत गेला, चूक चिक्कीची नाही, माझी. तेव्हा "वय झालं की जातातच" हे मला मान्य नाही. अण्णांना म्हणावं मऊ भाताची घाई करू नका. मऊ भात कुठे पळून जात नाही.

दंतकथा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

दंतवैद्य आहे. (आयडीला हसू नका, २२ वर्षं लोकांच्या तोंडात बघितल्यावर तेवढा हक्क आहे.) तोंड न बघता निदान करणार नाही. पण ७५ वर्षं टिकलेले दात वर्षभरात मुळाशी किडले, की मी दातांच्या आधी औषधांची पिशवी बघते.

ताई, एवढं विचारून सांगा. गोळ्या कुठल्या चालू आहेत आणि त्यातल्या गेल्या दीड-दोन वर्षांत सुरू झालेल्या कुठल्या? तोंड कोरडं पडतं का, म्हणजे पोहे किंवा कोरडी भाकरी गिळताना पाण्याचा घोट लागतो का? दिवसभर काही चघळायची सवय? रात्री दात घासल्यानंतर तोंडात काही जातं का? ब्रश कुठला आणि किती जोर लावून?

तिळाचं_तेल | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

माझी आजी राखुंडीने दात घासायची. ९० व्या वर्षी सुपारी दातांनी फोडायची. टूथपेस्ट आली आणि दातांचं वाटोळं झालं. अण्णांना रोज सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या सुरू करा, महिन्यात फरक दिसेल.

दंतकथा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:५०

@तिळाचं_तेल, आजींना नमस्कार. पण त्या काळी घरोघरी खलबत्ता कुणासाठी असायचा? ज्या आज्यांचं बोळकं झालं होतं त्यांचं पान कुटायला. त्यांच्या दातांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण सांगायला दातच नव्हते. राखुंडी आणि गेरूचं लाल मंजन खरखरीत असतं. दात पांढरे दिसतात कारण वरचं घासलं जातं. पन्नाशीनंतर हिरडीशी ज्या खाचा पडतात, त्यांना मंजन घासणारं बोट जबाबदार असतं, तसाच कडक ब्रशही.

तेलाच्या गुळण्यांशी माझं वैर नाही. करायच्या तर करा, पण किडलेला दात त्याने भरून येत नाही. गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला तर देऊच नका. तेल फुप्फुसात गेलं तर दातांचं दुखणं बरं म्हणायची वेळ येईल.

कृष्णाकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

डॉक्टर, आईने सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवले. बीपीसाठी अम्लोडिपिन, आठ-नऊ वर्षं. सॉलिफेनॅसिन, गेल्या वर्षी श्रावणात सुरू झाली, रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागायचं म्हणून. तिसरी लिवोसेट्रिझिन. ही कुणी दिली ते कुणालाच आठवत नाही. केव्हातरी सर्दी झाली होती, तेव्हापासून मेडिकलवाला देतो आणि हे रोज रात्री घेतात!

कोरडं तोंड? आई म्हणाली, "रात्री जीभ टाळ्याला चिकटते म्हणून कुरकुरतात." पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं की परत उठावं लागतं. मग त्यावर उपाय म्हणून उशाशी आलेपाकाच्या वड्यांचा डबा. जाग आली की एक वडी गालात, ती विरघळेपर्यंत झोप. मला गेली कित्येक वर्षं रोज फोनवर बोलून हे माहीत नव्हतं. आई वर म्हणते, "दोन-तीन वड्याच तर असतात." किराणावाला महिन्याला अर्धा किलो देतो.

ब्रश कडक. मऊ ब्रशने घासल्यासारखं वाटत नाही म्हणतात.

दंतकथा | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चोर सापडला, पण एकटा नाही, टोळी आहे.

लाळ ही दातांची राखणदार. खाल्ल्यावर तोंडात जे आम्ल तयार होतं ते ती धुऊन काढते, सौम्य करते, आणि दातातून झिजलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत आणून बसवते. सॉलिफेनॅसिन लाळ आटवते, लिवोसेट्रिझिन त्यात भर घालते. नैराश्याच्या काही गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, पाणी काढणाऱ्या गोळ्या, या सगळ्या त्याच माळेतल्या. एकेक गोळी फारशी जाणवत नाही, तीन-चार एकत्र आल्या की तोंडाचं वाळवंट होतं. त्यात झोपेत लाळ अशीही जवळजवळ थांबते. म्हणजे अण्णा बरोबर राखणदार झोपल्यावर घरात साखर आणून ठेवत होते, ती पण तासभर विरघळणारी.

मुळाशीच कीड का? वयानुसार आणि कडक ब्रशमुळे हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. दाताच्या डोक्यावर इनॅमलचं कवच असतं, मुळावर नसतं. इनॅमलला जे आम्ल पुरं पडत नाही, तेवढ्यात मूळ विरघळायला लागतं. आणि म्हातारपणी आतली नस आक्रसलेली असते, म्हणून ठणका लागत नाही. दात गुपचूप पोखरतो आणि एक दिवस भाकरीबरोबर हातात येतो. तुम्ही लिहिलंत तस्संच.

अजून एक. पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगल्यासारख्या दिसतात का? अम्लोडिपिनने काही जणांच्या तशा होतात. त्या फटीत कीटण साचतं.

आता महत्त्वाचं: कुठलीही गोळी घरच्या घरी बंद करायची नाही. पिशवी घेऊन ज्यांनी लघवीची गोळी दिली त्यांच्याकडे जा आणि "तोंड कोरडं पडतंय, दात चाललेत" एवढंच वाक्य सांगा. बरेचदा डोस कमी होतो किंवा दुसऱ्या प्रकारची गोळी मिळते. सर्दीची गोळी सर्दी नसताना कशाला, हेही विचारा. आणि आलेपाकाचा डबा आजच उचला.

नाना_उवाच | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

हे वाचून उशाखालची खडीसाखर काढून मुंग्यांच्या वारुळाशी ठेवून आलो.

पुणेरी_चष्मा | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

माझ्याही घरी हाच प्रकार, फक्त आलेपाकाच्या जागी खोकल्याच्या गोळ्या. एक शंका. मी रोज सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेतो आणि लगेच ब्रश करतो. दात शिवशिवतात. लिंबू सोडू का?

दंतकथा | ५ नोव्हेंबर, दुपारी २:००

लिंबाने दाताचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो आणि त्याच वेळी तुम्ही त्यावर ब्रश चालवता. आधी ब्रश करा, मग लिंबू प्या, वर साध्या पाण्याची चूळ. घोट घोट करत तासभर पिऊ नका. नाही प्यायलात तर दातांची काही तक्रार नाही.

रांजणखळगे | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

"दात साफ करून घेतले की हलायला लागतात" असं आमच्याकडे ठाम मत आहे. आणि वरची दाढ काढली की डोळा अधू होतो. सासूबाई या दोन कारणांनी गेली १५ वर्षं दवाखान्याची पायरी चढलेल्या नाहीत. काय सांगू?

दंतकथा | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

डोळ्याची आणि दाढेची नस वेगळी. वरची दाढ काढल्याने कुणाची नजर गेलेली नाही. मोतिबिंदू आणि दाढा दोन्ही साठीतच डोकं वर काढतात, म्हणून एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

दात हलण्याचं असं, की कीटणाखाली हिरडी आणि हाड आधीच खचलेलं असतं. कीटणाच्या खडकाने हलणारे दात एकमेकांना सिमेंट केल्यासारखे धरून ठेवलेले असतात. तो खडक काढला की खरी अवस्था कळते. पंधरा वर्षं तसंच ठेवलं तर खडकासकट दात येतो.

सासूबाईंना मधुमेह असेल तर मुळीच थांबू नका. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत पू राहिला की साखर आटोक्यात येत नाही. दोन्हीकडून आग आहे. हिरड्यांवर नीट उपचार झाले की एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) थोडी खाली आलेली मी माझ्या पेशंटमध्ये बघते.

शेवंता | ६ नोव्हेंबर, रात्री १२:२०

उशीर झालाय, पण झोप नाही. आईला स्मृतिभ्रंश आहे, सहावं वर्ष. तिच्या तोंडाची स्वच्छता ही आमच्या दिवसातली सगळ्यात मोठी लढाई आहे. ब्रश दिसला की दात आवळते. एकदा माझं बोट असं चावलं की टाके पडले. ती मुद्दाम करत नाही, हे कळतं, तरी रडू येतं. मागच्या वर्षी दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी विचारलं, तोंड कधी साफ करता? तोपर्यंत मला वाटायचं, जेवण पातळ, चावायचं नाही, मग घासायचं काय?

अनुभवातून जे जमलं ते लिहिते. सकाळी आंघोळीनंतर ती शांत असते, तेव्हाच करायचं. पलंगावर आडवं ठेवून नाही, खुर्चीत सरळ बसवून, हनुवटी जराशी खाली. ब्रश लहान मुलांचा, मऊ. आधी तो तिच्याच हातात द्यायचा. हाताला सवय आठवते. ती दोनदा फिरवते, मग तिच्या हातावर हात ठेवून मी फिरवते. पेस्ट वाटाण्याएवढी पण नाही. चूळ भरता येत नाही म्हणून ओलं गॉज बोटाला नाही, ब्रशला गुंडाळून फिरवते. बोट दातांच्या मध्ये घालायचं नाही, हा धडा टाक्यांसकट शिकले.

आणि कवळी! वरची कवळी तिने जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळली. मी ताटाबरोबर टाकून दिली. दुसऱ्या कवळीवर आतून नाव घालून घेतलंय.

दंतकथा | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

शेवंताताई, हे मी माझ्या ज्युनियर मुलींना वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात, अंथरुणावरच्या माणसाच्या छातीत संसर्ग होण्याचं ते मोठं कारण. चावायचं असो वा नसो, नळीने जेवण असलं तरीही तोंड साफ करावंच लागतं.

कवळी असणाऱ्यांसाठी एवढंच: रात्री काढून पाण्यात ठेवा. रात्रंदिवस घातली की टाळू लाल होतो, बुरशी धरते. टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरे. गरम पाण्यात टाकाल तर वाकडी होईल. आणि दहा वर्षांपूर्वीची कवळी ढिली झाली म्हणून पावडर लावून चिकटवत राहू नका. जबड्याचं हाड झिजतं, कवळी तशीच राहते. आतून नवा थर देऊन बसवून घेता येते. ढिल्या कवळीने पडलेला व्रण असो की कुठलाही, दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवाच.

टोरांटोतली_मंदा | ६ नोव्हेंबर, संध्या. ५:१५

इकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी: विमानात बसण्याआधी दात दाखवून या. प्रवास विम्यात दातांचा खर्च धरायचा नाही. माझ्या सासऱ्यांची दाढ इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सुजली, बिल बघून त्यांचं दुखणं थांबलं. इथे कायम राहणाऱ्यांसाठी मे २०२४ पासून सरकारची दंत योजना सुरू झाली, ज्येष्ठांपासूनच. उत्पन्नाची अट आहे आणि दुसरा दंतविमा नसावा लागतो. अमेरिकेत माझी बहीण आहे, तिथल्या मूळ मेडिकेअरमध्ये (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात) नेहमीच्या दातांच्या कामाला पैसे मिळत नाहीत. भारतात तरी आपण बरे.

पेडण्याचो | ६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

भारतातही लाखांचे कागद मिळतातच की! पण सरकारी दंत महाविद्यालयं लोक विसरतात. आम्ही आईला बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात नेलं. रांग होती, शिकणारी पोरं होती, पण वर बघायला सर होते आणि घाई नव्हती. मुंबईत सरकारी आहे, महापालिकेचं नायर आहे, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी आहेत. वेळ असेल तर जा.

रांजणखळगे | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

रांगेबद्दल सहमत. पण घाई नसलेला डॉक्टर किती महत्त्वाचा ते सांगते. माझ्या आत्याच्या तीन धडधाकट दाढा एकामागून एक काढल्या. वारा लागला, तोंड धुतलं, घास घेतला की विजेचा झटका बसल्यासारखी कळ यायची. दाढा गेल्या, कळ तिथेच. शेवटी मेंदूरोगतज्ज्ञांनी सांगितलं, दुखणं चेहऱ्याच्या नसेचं आहे, दातांचं नाहीच. गोळीने आराम पडला. दाढा काही परत आल्या नाहीत.

दंतकथा | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:००

दुर्दैवाने हे आम्हाला नवीन नाही. एक्स-रेमध्ये दोष दिसत नसेल तर दाढ काढायला नकार द्या.

काढायचा विषय निघालाच आहे तर: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. एक-दोन दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढता येतात. गोळी थांबवल्याने हृदयाचा झटका आला तर दाताचं काय घेऊन बसलात? वॉरफरिनवाल्यांनी ताजा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा रिपोर्ट) आणावा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, ते सांगा. आणि हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याची अलेंड्रोनेट, वर्षाची झोलेड्रोनिक किंवा सहा महिन्यांची डेनोसुमॅब घेत असाल तर ते ओरडून सांगा. अशांच्या जबड्याची जखम क्वचित भरत नाही, हाड उघडं पडतं. बायका "ती कॅल्शियमचीच गोळी" म्हणून सांगायच्या राहतात. ती कॅल्शियमची नसते.

मशेरीवाली_लेक | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

कुणीच काढला नाही म्हणून मीच विषय काढते. माझी आई ६८ वर्षांची, मशेरी लावते. दिवसातून चार वेळा. तंबाखू घालून केलेल्या मंजनावर १९९२ मध्ये बंदी आली, पण आई तव्यावर स्वतः भाजते, तिला कोण बंदी घालणार? खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे. "दात मजबूत राहतात" म्हणते, आणि पुढचे चार दात हलतायत.

दंतकथा | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

दात मजबूत होत नाहीत, हिरडी बधिर होते. तुम्ही या आठवड्यात आईला घेऊन जा. हलणाऱ्या दातांना थोडा उशीर चालेल, चट्ट्याला चालत नाही. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

जपानी_चहा | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

थोडं अवांतर. ओसाकाला राहतो. इथे १९८९ पासून "८०-२०" म्हणून मोहीम आहे. ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. सुरुवातीला लोक हसले असणार, पण २०१६ च्या पाहणीत त्या वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांनी ते गाठलं. वीसच का? तेवढ्यांत बहुतेक सगळं चावता येतं. त्यामुळे गेलेली प्रत्येक दाढ परत बसवलीच पाहिजे असं नाही.

नाना_उवाच | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

म्हणजे मी एका चिक्कीने नापास!

कृष्णाकाठची | १४ मार्च, रात्री १०:१५

चार महिन्यांनी येतेय. सगळ्यांना, आणि विशेषतः दंतकथा डॉक्टरांना, काय म्हणू कळत नाही.

लघवीच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. सर्दीची बंद. दोन आठवड्यांत अण्णा म्हणाले, जीभ सुटली. (आई म्हणाली, ती कधी बांधली होती?) मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पाचपैकी दोनच दात काढले. दोन भरले, एकाला काळं पडणारं औषध लावून कीड थांबवलीये. मागचा दात आहे, कुणाला दिसत नाही. दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप. हिरड्या साफ करून घेतल्या, एकही दात हलला नाही. दोन दातांची छोटी काढघालीची कवळी केलीये, साडेचार लाखांचा प्रश्नच आला नाही.

मऊ ब्रश पटायला महिना गेला. बोटं आखडतात म्हणून दांड्याला सायकलची जुनी मूठ चढवली, तेव्हापासून लाडका झालाय. रात्री उशाशी पाण्याचा लहान तांब्या, घोट घ्यायचा, पेलाभर नाही. आलेपाकाचा डबा आईने देवघरात ठेवला होता, तिथून दोनदा वड्या कमी झालेल्या सापडल्या. आता तो शेजारी दिलाय.

आणि मास्तर ते मास्तरच. दवाखान्याने दिलेल्या त्या साडेचार लाखांच्या कागदाच्या पाठीमागे पट्टीने रेघा मारून वेळापत्रक केलंय: सकाळ, रात्र, कवळी, लेपाची तारीख. रोज बरोबरची खूण करतात. एक दिवस चुकला तर स्वतःला शेरा लिहितात.

नाना_उवाच | १४ मार्च, रात्री १०:३०

कागद चांगला जाड असणार. लाखांचे असतातच.